जाधवबाई व्याकरण चालवतात

सांगलीहून शिराळ्याला जाताना जाधवबाई एसटीत स्वतःचं एक फुल तिकीट काढत आणि शेजारच्या सीटवर ठेवलेल्या पोळ्यांच्या डब्याचं एक हाफ. कंडक्टर नवा असला की त्याची पंचाईत व्हायची. तो डबा उचलून कानाशी हलवून बघायचा.

"बाई, काय हाय ह्यात?"

"व्याकरण."

"मग तिकीट कशाला? वजन न्हाई त्याला."

"तुमच्या वाक्यात कर्ता कोण?"

"आं?"

"'वजन' हा कर्ता. आधी कर्ता ओळखावा, मग डबा हलवावा. ठेवा खाली."

कंडक्टर मुकाट्यानं हाफ तिकीट फाडायचा. मी स्वतः हे पाहिलं आहे, कारण माझी मोटारसायकल बंद पडली की मलाही त्याच एसटीनं जावं लागे. मी आमच्या दूध संघाचा गुरांचा डॉक्टर. जाधवबाई संघाच्या कॉम्प्युटर विभागाच्या मुख्य. विभागात त्या एकट्याच होत्या, त्यामुळे मुख्य कोण यावर कधी वाद झाला नाही.

डब्यात पोळ्या नसून फ्लॉपी असत, एकेक मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली. इंजिनाजवळची सीट त्यांना चालत नसे, टेपरेकॉर्डरवाला प्रवासी चालत नसे, आणि चुंबकाचं बटण असलेली पर्स घेऊन कुणी बाई शेजारी टेकली तर या डबा पोटाशी धरून उभ्याच राहत. आणि 'कर्ता कोण?' हा प्रश्न त्या कुणालाही विचारत. शिपाई म्हणाला, 'दूध नासलं', तर त्या विचारणार, "नासलं हे कळलं. नासवणारा कर्ता कोण?" शिपाई त्यांच्यासमोर कर्ता नसलेलं वाक्य बोलायचं टाळू लागला. नंतर तर तो वाक्यच टाळू लागला.

आता हे डब्यातलं व्याकरण म्हणजे काय, ते मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. शाळेत आपण शब्दाचं व्याकरण चालवायचो: नाम, पुल्लिंगी, एकवचनी, वगैरे. इंग्रजीत याला पार्सिंग म्हणतात म्हणे. बाईंचं म्हणणं, आपल्याकडे व्याकरण पूर्वीपासून चालवतातच, आता ते विजेवर चालवायचं, एवढाच फरक. त्यांनी यासाठी एक लायब्ररी लिहिली होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. गावातल्या पिठाच्या गिरणीसारखी ती असते. कुठल्याही घरानं आपलं दळण आणावं, गिरणी दळून देते. तसं कुठल्याही प्रोग्रॅमनं आपलं वाक्य आणून टाकायचं, लायब्ररी ते फोडून देते: जनावर कोणतं, झालंय काय, कधीपासून, घाई किती. गावच्या केंद्रावर शेतकऱ्यानं बोलायचं, सेक्रेटरीनं टाइप करायचं, वाक्य तिथंच फुटायचं आणि टेलिफोनच्या तारेतून सांगलीला माझ्या टेबलावर चिठ्ठी यायची. लायब्ररीचं नावही 'व्याकरण'. त्या काळी डॉसमध्ये फाइलचं नाव आठ इंग्रजी अक्षरांच्या वर जाऊ शकत नसे, आणि 'व्याकरण' इंग्रजीत लिहिलं की बरोबर आठ अक्षरं भरतात. याला योगायोग म्हटलेलं बाईंना खपत नसे. "भाषेनं आपली सोय आधीच करून ठेवली होती," असं त्या म्हणत.

ही नव्वदीच्या शेवटाकडची गोष्ट. पुण्यामुंबईच्या लोकांना आमच्या संघात असलं काही चालतं हे सांगितलं तर ते आधी हसत आणि मग विचारत, 'खरंच?' खरंच. हे सांगताना माझी छाती आजही फुगते.

अडचण एवढीच होती की प्रत्येक केंद्रावरचं मशीन वेगळं. ज्या चेअरमनच्या काळात जे मिळालं ते घेतलेलं. सांगलीत युनिक्स, कोरेगावला डॉस, शिराळ्याला नवंकोरं विंडोज, आणि म्हसवडला एक जुनं धूड, ज्याच्या आत देवनागरीचं वेगळं कार्ड खोचलेलं. गिरणी तीच, पण प्रत्येक गावात विजेचं कनेक्शन निराळं, अशातली गत. एका मशीनवर बसवलेली लायब्ररी दुसऱ्यावर नेली की ती ओळखच दाखवायची नाही. मग बाई डबा घेऊन गावोगाव जात आणि ती तिथं नव्यानं बसवत.

या मशीनांना त्यांनी नाती लावली होती. युनिक्स म्हणजे सासरे. "चुकलं तर भुवई वर करतात, बरोबर आलं तर एक शब्द बोलत नाहीत. गप्प बसले म्हणजे सगळं ठीक आहे समजायचं." डॉस म्हणजे माहेर. "खोली एकच, पण सांगितलेलं ऐकतं." विंडोज ही नवी जाऊ. "दिसायला छान, पण तिच्याकडे जायचं तर आहेराचं सगळं सामान बरोबर न्यायचं. एक फाइल विसरली की दारातूनच परत." आणि म्हसवडचं ते धूड म्हणजे चुलत आजेसासरे. "ऐकू कमी येतं, पण मान ठेवला तर काम करतात."

सगळीकडे बसवून झाल्यावर त्या एक वाक्य टाइप करत: 'गाय दूध देते.' चारही मशीन सारखं उत्तर देत. कर्ता गाय, कर्म दूध, क्रियापद देते. बाई तृप्त होऊन चहा मागवत.

मग एक दिवस शिराळ्याहून माझ्या टेबलावर चिठ्ठी आली. ती मी जशीच्या तशी सांगतो. 'जनावर: म्हैस, गाभण. भाव: शोक. कृती: खाताना न्हाते. उभ्याने न्हाते. तातडी: नाही.'

मी पोट धरून हसलो. उभ्यानं आंघोळ करणारी म्हैस माझ्या उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. चिठ्ठी मी दोघांतिघांना वाचून दाखवली आणि मग चहाला गेलो. परत येतो तर फोन खणखणत होता. शिराळ्याकडचे आमचे जुने सभासद सदूभाऊ पलीकडून ओरडत होते, "डाक्टर, जिती हाय तवर या, न्हाईतर मेल्यावर आंघुळ घालायला या!"

झालं होतं असं. सदूभाऊ सेक्रेटरीला म्हणाले होते, 'म्हस गाभण हाय, खात न्हाई, उभी न्हाई.' म्हैस हा शब्द सेक्रेटरीनं शुद्ध केला, बाकीचं ऐकलं तसं टाइप केलं. आणि जाधवबाईंच्या व्याकरणानं पुस्तकाप्रमाणे निकाल दिला. 'हाय' म्हणजे शोकदर्शक केवलप्रयोगी अव्यय. 'न्हाई' हे न्हाणे या धातूचं कुठलंतरी जुनं रूप. चूक कुठंच नव्हती, फक्त म्हैस मरायला टेकली होती. मी मोटारसायकल पिटाळली. पारडू आडवं आलं होतं. घाम काढला त्यानं, पण दोघंही वाचली.

प्रकरण चेअरमनसाहेबांपर्यंत गेलं. त्यांनी बाईंना आणि मला बोलावलं. "बाई, शुद्धलेखनापायी संघाची म्हस गेली असती," ते म्हणाले.

"साहेब, लोकांनी शुद्ध बोलावं," बाई म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला.

त्या वाईच्या. जुन्या वळणाच्या, जिथं जेवताना चुकीचा अनुस्वार उच्चारला तर वाढणारं माणूस थांबतं, अशा घरातल्या. त्यांनी खरोखरच दुसऱ्या दिवशी शिराळ्याच्या केंद्रावर पाटी लावली: 'तक्रार सांगताना कृपया शुद्ध मराठीत बोलावे.' मी त्या दिवशी तिथं सदूभाऊंच्या म्हशीला बघायला गेलो होतो. सदूभाऊंनी पाटी वाचली, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि अगदी आदरानं विचारलं, "बाई, म्हशीला कळा येत्यात आन मी शुद्ध कवा बोलू? आदी का नंतर?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. कर्ता कोण ते विचारलं नाही. स्टुलावर चढून पाटी स्वतःच्या हातानं काढली आणि उलटी करून डब्याखाली ठेवली.

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. एका कंपनीनं चेअरमनसाहेबांना आकड्यांचा तक्ता दाखवला होता. प्रत्येक आजाराला आकडा, सेक्रेटरीनं फक्त आकडा दाबायचा. बोलायचं नाही, लिहायचं नाही, व्याकरणाचा प्रश्नच मिटला. साहेबांनी बाईंना पुढच्या मीटिंगपर्यंत मुदत दिली. "मी एक वाक्य देईन, ते चारही केंद्रांवर एकसारखं फुटलं तर तुमची लायब्ररी राहील, नाहीतर आकडे," ते म्हणाले. मला आकडे नको होते. आमचा माणूस दुःखात असताना 'माझ्या गाईला सात झालंय' असं म्हणणार, आणि मी काय समजायचं?

बाई कामाला लागल्या. मला वाटलं होतं, 'हाय' दिसलं की 'आहे' करून टाकायचं, संपलं. मी तसं सुचवलंही. त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू मी ढोराला माणसाचं इंजेक्शन द्यायला निघालोय. "डॉक्टर, माणसं खरोखरचा 'हाय'सुद्धा म्हणतात. त्याचं मी 'आहे' केलं तर त्यांचा शोक कुठं जाईल?" म्हणजे मशीननं जागा बघून ओळखायचं. सुरुवातीला सुटं आलं तर शोक, शेवटी नामाविशेषणाला धरून आलं तर क्रियापद. न्हाईचंही तसंच.

आणि एक नवल घडू लागलं. रोज सकाळी बाई नवे शब्द घेऊन येऊ लागल्या. 'निजल्याली' म्हणजे झोपलेली. 'गुदस्ता' म्हणजे गेल्या वर्षी. 'व्हय' कधी होकार असतो आणि कधी नुसताच 'मी ऐकतोय' असतो, हेसुद्धा. 'लय' म्हणजे खूप, पण 'लय झालं' म्हणजे आता पुरे. एवढं बारीक मलाही सांगता आलं नसतं, आणि मी तर जन्माचा कोरेगावचा.

"हे कुठून आणता?" मी विचारलं.

"आहेत आमच्याकडे तज्ज्ञ," त्या म्हणाल्या, आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या. जाधवबाईंना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

शब्द वाढले की लायब्ररी बदलायची, आणि लायब्ररी बदलली की डबा घेऊन पुन्हा सगळीकडे फिरती. सासरे गप्प बसले, म्हणजे पास. माहेरात जागा पुरेना, तर बाईंनी नियम आवळून बांधले. नव्या जावेकडे एक फाइल न्यायची राहिली आणि शिराळ्याची एक खेप फुकट गेली. येताना एसटीत त्या स्वतःलाच रागावत होत्या, पूर्ण शुद्ध वाक्यांत.

म्हसवडला मात्र घोडं अडलं. बाकी सगळीकडे 'न्हाई' कळायचं, तिथं कळेना. मीटिंग उद्यावर आलेली. मीच त्यांना मोटारसायकलवरून घेऊन गेलो. डबा त्यांच्या मांडीवर, आणि प्रत्येक खड्ड्याला त्या माझ्या पाठीवर थाप मारून सांगत, "हळू! पूर्णविराम नाही, स्वल्पविराम!" तिथं गेल्यावर अख्खी दुपार त्या धुडापुढं मान खाली घालून बसल्या. शेवटी सापडलं. त्या जुन्या कार्डात 'न्ह' हे जोडाक्षर उलट्या क्रमानं साठवलं जात होतं, आधी ह आणि मग न. म्हणजे मशीनच्या दृष्टीनं तो शब्द कुठल्याही भाषेतला नव्हता. बाईंनी खास त्या मशीनसाठी एक तुकडा लिहिला, जो आधी अक्षरं सरळ लावून मग व्याकरणाच्या हवाली करतो. तिथला ऑपरेटर येडगे ओरडला, "बाई, आज्जा व्हय म्हणला!" बाईंनी त्याच्या या वाक्यात काहीही दुरुस्त केलं नाही.

मीटिंगच्या दिवशी सगळे संचालक जमले. चेअरमनसाहेब खुर्चीत रेलले. "माझी आई जनावर आजारी पडलं की जे म्हणायची, तेच सांगतो. लिवा," ते म्हणाले. "हाय रं देवा, म्हस लय आजारी हाय, उठत न्हाई."

एका वाक्यात दोन हाय! मी बाईंकडे बघितलं. दोन्ही हाय त्यांनी वेगवेगळे तपासले होते, एका वाक्यात एकत्र कधी नाही. फोनवरून वाक्य चारही केंद्रांना सांगितलं गेलं. सांगलीची चिठ्ठी आली. कोरेगावची आली. शिराळ्याची आली. तिन्ही एकसारख्या. म्हसवड गप्प.

बाईंनी फोन लावला. येडगे म्हणाला, "बाई, इचार करतंय. करू द्या त्येला." संचालक खुर्च्यांत चुळबुळू लागले, एकानं घड्याळ बघितलं. मी मनात सिद्धनाथाचा धावा केला. तो म्हसवडचाच, त्याला तिथलं मशीन सांभाळायला काय हरकत!

मग चिठ्ठी आली. साहेबांनी ती मोठ्यानं वाचली. "भाव: शोक. जनावर: म्हैस. अवस्था: फार आजारी, उठत नाही. तातडी: आहे." त्यांनी ती इतर तिघींच्या शेजारी ठेवली. शब्दाला शब्द जुळत होता. एक हाय शोकाचा, एक हाय असण्याचा. म्हसवडच्या आजोबांनीसुद्धा दोन्ही बरोबर ओळखले होते. मला इतका अभिमान वाटला की लायब्ररी मीच लिहिली असल्यासारखा मी उठून उभा राहिलो.

साहेब मात्र चिठ्ठीकडे बघतच होते. "ब्येस," ते म्हणाले. "पर हितं शेवटी 'आहे' कशाला? 'हाय' लिवा की."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "होईल साहेब," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "हुईल." वाईची ती बाई भर मीटिंगमध्ये 'हुईल' म्हणाली, हे मी शपथेवर सांगू शकतो. आकड्यांचा तक्ता परत गेला.

संध्याकाळी पेढे घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांचे यजमान फौजेत, सिग्नलमध्ये होते आणि बऱ्याच वर्षांपूर्वी आजारपणात गेले, मूलबाळ नाही, एवढंच मला माहीत होतं. घरात त्यांच्या सासूबाई असतात हे माहीत नव्हतं. कोरेगावकडच्या शेतकरी घरातली ती म्हातारी कॉटवर बसली होती. तिनं मला बघून पदर सावरला आणि म्हणाली, "तुमीच व्हय जनावरांचं डाक्टर? तुमच्या चिठ्ठ्यांतलं शबूद मीच सांगती की हिला!"

तज्ज्ञ सापडले. म्हातारी इतकी बोलत होती की पेढा हातातच राहिला. मी जायला उठलो तेव्हा बाई दारापर्यंत आल्या. मी म्हणालो, "आता तरी खूश व्हा. सगळीकडे बसलं."

"बसलं," त्या म्हणाल्या. "तेच." मग आत बघून हळू आवाजात बोलू लागल्या. "लग्न होऊन आले, तेव्हा मी आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, एकदा चारचौघांत दुरुस्त केलं, डॉक्टर. 'हाय नाही आत्या, आहे.' त्या दिवसापासून त्या माझ्यासमोर बोलायच्याच थांबल्या. हे गेल्यावर तर दोघींत मीठ हवं का, दिवा लावू का, एवढंच. इतकी वर्षं. मग त्या पाटीच्या दिवशी मी घरी येऊन विचारलं, 'आत्या, उभी न्हाई म्हणजे काय हो?' आणि त्या बोलायला लागल्या. रोज जेवताना मी विचारायची, त्या सांगायच्या. आता सगळे शब्द झाले. उद्या जेवताना काय विचारू?"

तेवढ्यात आतून म्हातारीनं हाक मारली, "आगं, दारात का उभी हायस?"

बाई आत गेल्या. कॉटजवळ जाऊन त्यांनी विचारलं, "आत्या, वगार कशाला म्हणायचं हो?"

मी दारातच थबकलो. वगार म्हणजे म्हशीची न व्यायलेली तरुण पोर, हे मीच त्यांना अगदी सुरुवातीला सांगितलं होतं. लायब्ररीत तो शब्द कधीचा होता.

म्हातारीनं सुनेकडे बघितलं. "मागं सांगितलं व्हतं की तुला," ती म्हणाली. मग पाय आवरून कॉटवर तिच्यापुरती जागा केली. "आसूदे. परत सांगती. बस हितं."